रिकामा रन

द्राक्षाचा व्यापारी आला की मामा त्याला रस्त्याकडच्या ओळीतूनच बागेत घेतात. तिथं ऊन जास्त, हवा खेळती, त्यामुळे घड भरदार दिसतात. व्यापारीही मुरलेला असतो. "हो, हो" म्हणत तो दोन ओळी बघतो आणि मग कुणाला न विचारता मांडवाखाली वाकून थेट बागेच्या पोटात शिरतो. चार झाडं इथली, तीन तिथली, तीन पार पलीकडची. घड मोजतो, एखादा घड तळहातावर घेऊन नुसताच तोलतो आणि मनातल्या मनात गुणाकार करतो. अडीच एकर, एकराला साधारण हजार झाडं, झाडाला छत्तीस घड, घड तीनशे ग्रॅमचा. "सत्तावीस टन धरू, आप्पा." दहा झाडं बघून अडीच हजार झाडांचा सौदा होतो. मामा कपाळाला आठ्या घालतात, पण तो आकडा त्यांच्याही मनात असतो.

पोटासाठी मी नाशिकच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. बाकी वेळात, हौस म्हणा किंवा पीएचडीचा हट्ट म्हणा, गेली सहा वर्षं मी हेच करते आहे. फक्त माझी बाग जमिनीपासून १०५ किलोमीटर वर आहे आणि तिच्यातल्या घडांना विजेचा भार आहे.

दिंडोरीला गेलं की मामी एकदा तरी विचारतेच, "ते वरचं म्हणजे नेमकं काय गं?" मी तिला सांगते ते असं. सूर्याचं अतिनील ऊन आणि क्ष-किरण हवेच्या वरच्या थरांवर पडतात तेव्हा काही रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडून बाहेर पडतो. मागे उरतो तो आयन. अशी सुटी सुटी भारित कणांची हवा म्हणजे प्लाझ्मा. साठ-सत्तर किलोमीटरपासून पुढे कित्येकशे किलोमीटरपर्यंत हा थर पसरलेला आहे. त्याला आयनांबर म्हणतात. रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागायची ती याच्याच कृपेनं. आता रेडिओ गेला, पण उपग्रहाकडून मोबाईलला येणारा सिग्नल याच थरातून खाली उतरतो आणि वाटेत रेंगाळतो. आपल्या अक्षांशांवर भर दुपारी हे रेंगाळणं मोजमापात दहा-पंधरा मीटरची चूक घालू शकतं, कधी त्याहून जास्त. 'नाविक' या आपल्या दिशादर्शक उपग्रहांनी रेडिओलहरींच्या नेहमीच्या एल पट्ट्याच्या जोडीला एस पट्ट्याची वरची वारंवारताही ठेवली आहे. वारंवारता जास्त तेवढा हा अडथळा कमी. एवढं सांगून होईपर्यंत मामी चहा टाकायला उठलेली असते. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण मला त्यात रस आहे तो उपयोगासाठी नाहीच.

मला रस आहे तो विषुववृत्तीय विद्युत्झोतात. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथं चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेघ, भारतात अगदी दक्षिण टोकाजवळून जातं, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली आणि केरळातल्या थुंब्याच्या बाजूनं. त्याच्या डोक्यावर, शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर, दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक प्रवाह वाहतो. पट्टा अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन अंशांचा. त्याच उंचीवर तो का, याचं उत्तर मला अजूनही फार सुंदर वाटतं. तिथली हवा अशी बेताची विरळ आहे की इलेक्ट्रॉन कुणाला धडकण्याआधी चुंबकीय रेषेभोवती कितीतरी फेऱ्या मारून घेतो, तर जाडजूड आयनला एक फेरीसुद्धा पुरी करता येत नाही. तेवढ्यात त्याला हवेचे रेणू दहादा आडवे येतात. एक जण रेषेला बांधलेला, दुसरा गर्दीत अडकलेला. एकाच विद्युतक्षेत्रात दोघं वेगळे वागतात, म्हणून प्रवाह. आणि इलेक्ट्रॉनांचा ओघ सेकंदाला सुमारे ३६० मीटरच्या पुढे गेला, म्हणजे तिथल्या आयनांमधल्या ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त झाला, की प्रवाह गुळगुळीत राहत नाही. त्यात मीटर-दोन मीटर लांबीच्या लाटा उठतात. जमिनीवरच्या रडारला त्या दिसतात.

या लाटांचा सिद्धांत १९६३ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडला, फार्ली आणि ब्युनमन यांनी. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. विक्रम साराभाईंनी ती जागा निवडली ती चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणूनच. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा भाग बांधून नेतानाचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण ही मंडळी नेमकं काय बघायला वर जाणार होती, हे सांगणारा माणूस मला शाळेत भेटला नाही.

त्यातला ब्युनमन मला जवळचा वाटतो, कारण मी जे करते त्याच्या मुळाशी तोच आहे. ऑस्कर ब्युनमन. जन्म १९१३, मिलानचा. जर्मनीत शिकताना नाझींच्या विरोधात गेला म्हणून तुरुंगात पडला. सुटून इंग्लंडला आला आणि महायुद्धाच्या काळात डग्लस हार्ट्री या गणितज्ञाच्या हाताखाली मॅग्नेट्रॉनवर काम करू लागला. मॅग्नेट्रॉन म्हणजे रडारसाठी सूक्ष्मलहरी तयार करणारी नळी. सकाळचे गार पोहे आपण ज्यात गरम करतो त्या ओव्हनच्या पोटातही तीच असते. तिच्यात इलेक्ट्रॉन कसे फिरतात हे या मंडळींनी संगणक नसताना, आकड्यांवर आकडे मांडत काढलं. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी संगणक हाती आले तेव्हा ब्युनमननं आणि अमेरिकेत जॉन डॉसननं काही शे कण घेऊन प्लाझ्माच मशीनमध्ये उभा केला. कणांना सांगायचं, हे नियम, आता फिरा. आणि बघत बसायचं.

मी इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या अडगळीच्या खोलीत बसून तेच करते.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आकाशाचा एक चौकोन घ्यायचा, माझा पहिला आठ मीटर बाय आठ मीटरचा होता. त्यावर जाळी टाकायची, चारशे घरं आडवी, चारशे उभी. घरांमध्ये कण सोडायचे आणि प्रवाह वाहावा म्हणून बाहेरून एक विद्युतक्षेत्र लावायचं. प्रत्येक कणाचा भार जवळच्या चार कोपऱ्यांवर वाटून द्यायचा. कोपऱ्यांवरच्या भारांवरून विद्युतक्षेत्र काढायचं. ते क्षेत्र पुन्हा कणापर्यंत आणायचं, कणाला ढकलायचं, आणि परत पहिल्यापासून. अशा तीन लाख फेऱ्या. ढकलण्याची एक युक्ती जे. पी. बोरिस या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये दिली: आधी विद्युतक्षेत्राचा अर्धा धक्का, मग चुंबकीय क्षेत्राचं नुसतं वळण, मग उरलेला अर्धा धक्का. चुंबकीय क्षेत्र कणाला वळवतं, वेग देत नाही, हे त्यात आपोआप पाळलं जातं. सात-आठ ओळींचा कोड आहे. मी तो इतक्या वेळा लिहिलाय की भाजी निवडताना सांगू शकेन.

आता खोटेपणा. त्या चौकोनाला एक मीटर जाडी धरली तर खरे इलेक्ट्रॉन साडेसहा लाख कोटींच्या घरात जातात. माझ्या कोडमध्ये होते १ कोटी ६० लाख. म्हणजे माझा एक कण चार लाख इलेक्ट्रॉनांच्या वतीनं फिरतो. महाकण म्हणते मी त्याला. व्यापारी एका झाडावर अडीचशे झाडं बोलतो, मी एकावर चार लाख. दुसरा खोटेपणा त्याहून निर्लज्ज आहे: खरा आयन इलेक्ट्रॉनच्या पंचावन्न हजार पट जड असतो, आणि हलक्या इलेक्ट्रॉनची धावपळ पकडायची तर वेळेचे तुकडे इतके बारीक करावे लागतात की एक रन, म्हणजे कोड एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवणं, माझ्या निवृत्तीनंतर संपेल. म्हणून इलेक्ट्रॉन मुद्दाम चाळीसपट जड करायचा. सगळेच करतात, शोधनिबंधात स्पष्ट लिहून करतात. तिसरा म्हणजे चौकोनाला कड नाही. उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो. रस्त्याकडची ओळच ठेवायची नाही, म्हणजे व्यापाऱ्याला फसवायचा प्रश्न मिटला.

हे तिन्ही मला ठाऊक होते. मला गाठलं ते चौथ्यानं.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. निफाडला पारा चार-पाचवर आल्याच्या बातम्या होत्या, पण माझ्या अडगळीच्या खोलीत स्वेटर लागत नव्हता. मशीन पाच दिवस अखंड चालू होतं आणि त्याच्या पंख्यातून येणाऱ्या झोतानं खोली उबदार झाली होती. एका शनिवारी देखभालीच्या नावाखाली सकाळी लाइट गेले ते दुपारपर्यंत. इन्व्हर्टर दीड तास पुरला. दर तासाला सगळी स्थिती डिस्कवर उतरवून ठेवायची सवय आहे म्हणून बरं. नाहीतर पाच दिवसांचं आकाश गेलं असतं. रविवारी रात्री रन संपला. मी तापमानाचा आलेख काढला.

इलेक्ट्रॉनचं तापमान ३०० केल्विनला सुरू झालं होतं. आधी थोडा वेळ आडवं, मग रेघ वर चढायला लागली, चढत चढत ७०० च्या आसपास गेली आणि तिथं छान वळून पुन्हा आडवी झाली. लाटा उठतात, वाढतात, इलेक्ट्रॉनांना तापवतात आणि एका मर्यादेला येऊन थांबतात, अशी गोष्ट त्या रेघेत दिसत होती. ध्रुवीय प्रदेशांच्या आकाशात, जिथं विद्युतक्षेत्र फार जोरदार असतं, तिथं याच लाटांमुळे इलेक्ट्रॉन तापतात हे रडारनं दाखवलेलं आहे. विषुववृत्तावर एवढं तापत नाही, असं सगळे म्हणतात. आणि माझ्याकडे रेघ होती.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. सोमवारी मी सराफ बाजारातून येताना अर्धा किलो पेढे घेतले आणि स्टाफरूममध्ये वाटले. कशाचे, हे नीट कुणाला कळलं नाही, सगळ्यांनी खाल्ले. एका परिषदेसाठी सारांश लिहून पाठवला. मामांना फोन करून सांगितलं की वरचं ऊन सापडलं.

पुण्याला मार्गदर्शक मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. कौतुक नाही, शंका नाही. मग विचारलं, "क्षेत्र बंद करून चालवलंत?"

"म्हणजे?"

"बाहेरचं विद्युतक्षेत्र शून्य करा. बाकी सगळं हेच. प्रवाह नाही, तर लाटा नाहीत. लाटा नाहीत, तर काहीच व्हायला नको. बघा काय होतंय. आणि घर केवढं ठेवलंत जाळीचं?"

"दोन सेंटीमीटर."

"हं," एवढंच म्हणाल्या. एस. टी.नं परत येताना नारायणगावच्या पुढे मी मोबाईलवर आकडेमोड केली आणि संगमनेरपर्यंत मला उत्तर कळलं होतं. तरीही घरी येऊन रन लावलाच. पाच दिवस.

रिकाम्या रनची रेघही ३०० ला सुरू झाली. चढली. ७०० च्या जवळ जाऊन वळली आणि आडवी झाली. दोन्ही कागद मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. दोन रेघांमध्ये पेन्सिलच्या टोकाएवढं अंतर होतं.

झालं होतं ते असं. प्लाझ्मात एखादा भार ठेवला की उलट भाराचे कण त्याच्याभोवती जमतात आणि ठरावीक अंतरापलीकडे त्याचा सुगावा लागू देत नाहीत. या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. माझ्या आकाशात ती होती चार मिलिमीटर. माझ्या जाळीचं घर वीस मिलिमीटरचं, म्हणजे पाचपट. त्या घराच्या आत काय चाललंय हे जाळीला दिसतच नाही. तिला फक्त कोपरे दिसतात. मग आतल्या बारीक थरथरीला ती भलत्याच मोठ्या लाटेचं रूप देते, जसा ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधी उलटा फिरताना दिसतो. आणि ती खोटी लाट कणांना खरा धक्का देते. फेरीमागून फेरी ऊर्जा कुठूनही न येता साचत जाते. कण तापतात. सगळ्यात लबाड भाग पुढचा आहे. तापमान वाढलं की डिबाय लांबीही वाढते. वाढत वाढत ती घराच्या साधारण एक तृतीयांश झाली की जाळीला पुरेसं दिसू लागतं आणि तापणं आपोआप थांबतं. म्हणून रेघ वळली होती. ज्या वळणावर मी भाळले, ते माझ्या जाळीच्या मापाचं वळण होतं. प्लाझ्मानं बिचाऱ्यानं स्वतःला तापवून माझ्या चुकीच्या घरात बसवून घेतलं होतं.

हे पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या कपाटातल्या पुस्तकात आहे, पेन्सिलनं अधोरेखित, माझ्याच हातानं.

परिषदेला मेल करून सारांश मागे घेतला. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं नाही. पेढ्यांचं कारण कळलेलंच नसल्याचा तेवढा फायदा. मामांना मात्र सांगावं लागलं. ते म्हणाले, "म्हणजे वजनकाटाच तापला होता म्हण की." इतकं नेमकं मला शोधनिबंधात लिहिता आलं नसतं.

त्यानंतर काही महिने मी कोड उघडला नाही. त्या काळात जे वाचलं त्यात अलिबाग भेटलं. "अलिबागवरून आलायस का" हा विनोद करणाऱ्यांना सांगायला हवं. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. १८५९ च्या सप्टेंबरातल्या त्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथल्या उपकरणांनी घेतली होती. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांचा उपद्रव नको म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला हलवली. आजही विद्युत्झोत किती जोरात आहे हे काढायचं तर तिरुनेलवेलीला मोजलेल्या चुंबकीय क्षेत्रातून अलिबागचं वजा करतात. तिरुनेलवेली झोताच्या खाली आहे, अलिबाग त्याच्या बाहेर. दोन्हीकडे जे सारखं आहे ते सूर्याचं, वादळाचं, बाकी जगाचं. ते वजा झालं की उरतो तो झोत. त्या झोतातलं अलिबागला काहीच कळत नाही, आणि तेवढ्यासाठीच ते हवं असतं.

हे वाचलं त्या रात्री मी पुन्हा मशीन चालू केलं. माझ्याकडे तिरुनेलवेली होतं आणि अलिबाग नव्हतं, एवढीच तर गोष्ट होती.

या वेळी घर एक सेंटीमीटरचं घेतलं, डिबाय लांबीच्या अडीचपट. तिपटीच्या आत असलं की निभावतं. मशीन तेच, घरं तेवढीच, त्यामुळे आठ मीटरचं आकाश चार मीटरवर आलं. मोठ्या लाटा त्यात मावणार नाहीत. नाही मावल्या तर नाही. घरामागे कण दुप्पट केले, कारण नमुना चौपट केला तेव्हा कुठं गोंगाट निम्मा होतो, आणि निदान थोडा तरी कमी करायचा होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे रात्रभर काय घरघरतं हो?" मी म्हटलं, आकाश. त्या हसल्या. आणि सगळ्यात आधी लावला रिकामा रन. क्षेत्र शून्य. प्रवाह शून्य. तीन कोटींहून जास्त महाकण नुसते इकडून तिकडे हिंडणार, आणि त्यासाठी दहा दिवसांची वीज जाळायची. बिलाबद्दल नवऱ्यानं एकदाच विचारलं. "यात काय शोधतेस?" मी म्हटलं, काही नाही. ते अक्षरशः खरं होतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आलेख निघाला तेव्हा मामांचाच फोन आला. माल तोडून झाला होता. सत्तावीसचा अंदाज होता, काट्यावर साडेचोवीस भरला. "मधल्या ओळी हलक्या निघाल्या," म्हणाले. "त्याला दिसलं नाही, मलाही नाही. तुझं वरचं काय?"

"रेघ आडवी आली, मामा. ३०० ला सुरू झाली, ३०४ ला संपली."

"म्हणजे काहीच घडलं नाही?"

"काहीच नाही."

"दहा दिवसांत?"

"दहा दिवसांत."

ते जरा थांबले. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "मग एवढी खूश कशानं झालीस गं?"